मापाड्याने मारलेलं माप

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली बाजारात लोकांचं धान्य मोजून देणाऱ्या गावच्या मापाड्याचं हृदय थकलं आणि तो दवाखान्यातून गोळ्यांचा डबा घेऊन घरी आला. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला बजावलं होतं, "मीठ कमी. अंगातलं पाणी काढायची गोळी रोज सकाळी. आणि रोज वजन. दोन दिवसांत दोन किलो वाढलं, तर अंगात पाणी साठतंय समजा आणि तडक या."

वजनाला काय तोटा? दारातच पोत्यांचा काटा होता. रोज सकाळी मापाडी त्यावर उभा राही, ती आकडा वाची. बासष्ट. महिनाभर बासष्टच.

मग एके सकाळी वहाणेचा पट्टा त्याच्या पायावर चढेना. बोटाने दाबलं की खळगा तसाच राही. ओसरीच्या दोन पायऱ्यांनी त्याला धाप लागली.

"आकडा बासष्टच आहे की," तो म्हणाला.

पन्नास किलोचं सीलबंद बियाण्याचं पोतं ओढून तिने काट्यावर टाकलं. आकडा आला सेहेचाळीस. काट्याच्या दांडीला लोंबत्या वजनाखाली हात घातला, तर आकडा कमी दाखवणारा चिकणमातीचा गोळा!

"तीस वर्षं कुणाचं मूठभर धान्य मारलं नाहीत, आणि स्वतःचंच माप मारलंत?"

"गोळी घेतली की सारखी लघवीला लागते गं. गाड्यांची रांग असते. मी उठलो की लोक म्हणतात, मागे कुणीतरी धान्यावर हात मारला."

"गोळ्या कुठे आहेत?"

"उकिरड्यावर."

"उकिरड्यावर! इभ्रत राखायला जीव फेकलात? तिरडीवर कोण तोलून बघणार आहे तुमची इभ्रत?"

"वहिनी, हळू. लोक ऐकतात," आवाज ऐकून आलेला धाकटा दीर म्हणाला.

"ऐकू देत! तुम्ही गाडी जुंपा आधी."

दवाखान्यात पाच दिवस गेले. पुढच्या बाजारी मापाड्याने तिच्यासमोर गोळी गिळली आणि ती काट्याशेजारी ठाण मांडून बसली.

"आता बाई मोजणार?" एक गाडीवान हसला.

"हे उठले की मी मोजणार. घाई असेल त्याने आपलं धान्य ओंजळीने मोजावं."

मापाडी त्यानंतर नऊ वर्षं जगला, दर बाजारी दहादा उठून. दिराने काट्यामागे लघवीसाठी चार पत्र्यांचा आडोसा करून दिला. म्हातारपणी दीर स्वतःच त्याचं मोठं गिऱ्हाईक झाला. तो हसणारा गाडीवान पुढे तिच्याशिवाय कुणाकडे माप करीना. नऊ वर्षं मिळाली म्हणून लोक तिला नशीबवान म्हणत. ती फणकारे, "दहा मिळाली असती. एक त्यांनी उकिरड्यावर टाकलं, आणि ते माझं होतं."