बाईंचं उत्तर माझ्यात होतं

मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे किती, तर माझा पंखा सुरू झाला की शेजारच्या खोलीतल्या माणसाची झोप उडते. मित्रांनो, माझी गोष्ट हसत हसत सांगता येण्यासारखी नाही. तरी सांगतो.

माझे भाग कोणी जोडले ते मला आठवत नाही. पहिली नऊ वर्षं मी एका शाळेच्या कार्यालयात दाखले छापले. मग तिथे नवे संगणक आले, मी अडगळीत गेलो, आणि एका घड्याळजींनी मला घरी आणलं. त्यांची बायको त्याच शाळेत गणित शिकवायची. सगळी शाळा तिला बाई म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणतो. बाईंना असा आजार जडला होता की आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं. उरला तो फक्त उजवा गाल.

त्या गालाशी एक छोटं बटण बांधलं. माझ्या पडद्यावर एकेक अक्षर उजळायचं, हवं ते आलं की बाई गाल हलवायच्या. वाक्य पुरं झालं की त्या 'बोल' या खुणेवर यायच्या आणि मी ते मोठ्याने बोलायचो. आवाज माझा कसला, पत्र्याच्या डब्यात खडे! पण पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या तोंडून नवऱ्याला सुनावलं, "खिडकी उघडा आणि तुमची बडबड बंद करा." घड्याळजी हसता हसता रडायला लागले. इतकं कौतुक माझं शाळेत कधी झालं नव्हतं.

त्या घरात एक नियम होता. बाई लिहीत असताना पडद्यात कोणी डोकावायचं नाही. लोक अर्धं वाचून वाक्य आपणच पुरं करायचे आणि बाईंचा पारा चढायचा. "माझं उत्तर मला काढू द्या," असं त्या बजावायच्या. घड्याळजींनी हा नियम चार वर्षं पाळला.

एका शुक्रवारी डॉक्टर घरी आले. बाईंना श्वास पुरत नव्हता. "बाई, श्वास फार अडला तर नळी घालून यंत्र लावता येईल," ते म्हणाले. "पण ते पुन्हा निघेल याची खात्री नाही. लावायचं की नाही ते तुम्हीच सांगा. सोमवारपर्यंत सांगा."

बाई दुपारभर लिहीत होत्या. संध्याकाळी लिहून झालं, पण 'बोल'वर यायच्या आतच थकून त्यांचा डोळा लागला. घड्याळजींनी तोंड फिरवून माझ्या पडद्यावर कापड टाकलं.

आता माझा दोष ऐका. नवी प्रणाली घ्या, म्हणजे माझा आतला सगळा कारभार नव्याने बसवा, अशी सूचना मी कित्येक महिने रोज दाखवत होतो. घड्याळजी रोज 'नंतर' दाबायचे. शनिवारी बाई झोपेत होत्या. घड्याळजींनी कापड उचललं तर ती सूचना पडदाभर पसरलेली: काम जलद होईल. "जलद झालं तर हिचा गाल तरी कमी दमेल," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी 'होय' दाबलं.

दोन तासांनी मी नटूनथटून उभा राहिलो आणि ते बटण मला ओळखूच येईना. बोलण्याचा प्रोग्रॅम उघडेना. बाईंनी गाल हलवला. पुन्हा हलवला. मी ठार बहिरा.

घड्याळजींनी दुरुस्तीवालीला फोन केला. तिने सांगितलं तसं मला बंद करून चालू केलं, वायर काढून पुन्हा लावली, दुसऱ्या जागी लावून पाहिली. काही उपयोग झाला नाही. "उद्या सकाळी येते काका, तोवर कशाला हात लावू नका," ती म्हणाली. पण चाळीस वर्षांची सवय गप्प बसू देते का? बंद घड्याळ समोर आलं की आधी उघडायचं, जुनं तेल पुसायचं, मग दोष शोधायचा. त्यांनी बारीक कुंचल्याने माझी धूळ काढली. तेवढ्यात मी मूर्खासारखं सांगितलं, जागा भरली आहे. शोधता शोधता त्यांना 'जुनी प्रणाली' नावाचं मोठं गाठोडं सापडलं. "हेच ते जुनं तेल," असं म्हणून त्यांनी ते पुसून टाकलं.

रविवारी दुरुस्तीवालीने कपाळावर हात मारला. "काका, मागे जायची वाट त्यातच होती हो! पंधरा मिनिटांचं काम होतं."

"मी फक्त साफ केलं," घड्याळजी म्हणाले.

जुनी प्रणाली कुठून तरी मिळवावी लागणार होती. तिने बुधवारचा वायदा केला.

सोमवारी बाईंचा श्वास अडकला; धापेने गालही सारखा उडत होता, त्यावरून काही कळेना. घड्याळजी त्यांच्यावर वाकले. "अगं, लावू ना यंत्र? हो असेल तर डोळे मिट."

बाईंनी डोळे मिटले नाहीत. त्या माझ्याकडे टक लावून पाहत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी पापणी हलू दिली नाही. पण माणसाची पापणी किती वेळ थांबणार? ती लवली.

"हो म्हणाली!" घड्याळजी ओरडले.

"भावजी, हे हो नव्हे," मदतीला आलेली बाईंची धाकटी बहीण म्हणाली.

"मग जाऊ देऊ हिला?"

उत्तर माझ्याकडे होतं, आणि माझी वाचा बसली होती. बाईंना घेऊन इस्पितळाची गाडी निघून गेली.

बुधवारी दुरुस्तीवालीने वायदा पाळला. जुना प्रोग्रॅम उघडला तो थेट बाईंच्या शेवटच्या ओळीवर. घड्याळजींनी झटकन मान फिरवली. "ती नसताना कसं वाचू?"

"वाचू नका, ऐका," बहीण म्हणाली आणि तिने 'बोल' दाबलं.

मी बोललो, "नळी नको. तुम्ही घाबरून हो म्हणाल, म्हणून आधीच सांगते. मला घरीच राहू द्या."

दुपारी घड्याळजींनी मला शालीत गुंडाळून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी ते वाक्य ऐकलं. "हे सोमवारी हवं होतं," एवढंच ते म्हणाले. घड्याळजी बटण बांधायला गेले, तर नळी जागेवर राहावी म्हणून लावलेली रुंद चिकटपट्टी उजव्या गालावर ओठापासून कानापर्यंत पसरलेली होती. डाव्या गालात जीव नव्हता. त्यांनी बटण परत शालीत गुंडाळलं.

मित्रांनो, जुन्या यंत्रात नवं काही घालायचं असेल तर खुशाल घाला. पण ज्याचं बोलणं त्या यंत्रावर चालतं, त्याला आधी विचारा. तो झोपला असेल तर उठेपर्यंत थांबा. बाई रोज आठ वाजता उठायच्या. त्या शनिवारी घड्याळजींनी 'होय' दाबलं तेव्हा साडेसात वाजले होते.