बारा चुण्यांचं टोपडं

मार्गशीर्षातलं ऊन. केशरात भिजलेलं, कोवळं, पाऊल न वाजवता अंगणात उतरणारं. जास्वंदीवर क्षणभर थबकलं, उंबरठा ओलांडून आलं आणि पाळण्याच्या कडेशीच थांबलं. आत डोकवायचा त्यालाही धीर होईना.

पाळण्यात सातव्या महिन्यातच आलेली लेक. सव्वीस दिवस काचेच्या पेटीत राहून घरी आलेली, कमलकलिकेहून कोवळी, अजून बिननावाची. आणि उशाशी शर्वाणी, तिची आई. जागरणारुण डोळ्यांची, श्वासामागून श्वास मोजणारी.

डॉक्टरांनी डोक्याभोवती टेप फिरवली होती. एकतीस पॉइंट चार. आठवड्याला थोडं थोडं वाढलं, की समजायचं पोरीनं जीव धरला. ते थोडं थोडं शर्वाणीच्या काळजात रुतून बसलं होतं.

लांबलेल्या बारशाचा दिवस ठरला. टोपडं आत्यानं शिवायचं, म्हणून नणंदेनं, विशाखानं, फोनवर विचारलं, कापड किती घेऊ? शर्वाणी गणितातली पदवीधर. एक हात पाळण्याच्या दोरीला, एक हात पेनाला. घेरावरून व्यास, व्यासावरून त्रिज्या. त्रिज्येचा वर्ग, त्याला पायनं गुणायचं, मग चौपट. गोलाचं पृष्ठफळ. त्याच्या निम्मं टोपडं. पंचवीस सेंटिमीटरचा चौरस, तिनं कळवलं.

बारशाच्या कापडाची चिंधी उरू द्यायची नाही, ही या घरची रीत. विशाखानं सूतन्‌सूत लावलं.

डाळिंबी खणाचं, मोतीकाठी टोपडं आलं. लेकीच्या डोक्यावर ठेवलं, आणि घसरत थेट हनुवटीखाली गेलं. हे तर तुझ्या मामंजींनाही ढगळ होईल, म्हणत सासूबाई हसल्या. विशाखाही हसली. शर्वाणीला हसू येईना. त्या डाळिंबी अंधारात तिची लेक दिसेनाशी झाली होती.

तिनं वही उघडली. त्रिज्या पाच. तिनं दहा धरली होती. व्यासच उचलून घातला होता. दुप्पट चुकली आणि कापड चौपट झालं.

"मला तर तिचं मापही धड धरता येत नाही, वन्सं."

विशाखानं टोपडं गुडघ्यावर ओढलं. सुईत दोरा ओवला.

"उसवायचं काही नाही, वहिनी. चुण्या घालू. ती वाढेल तशी एकेक सोडायची."

बारा चुण्या. बारा मिटलेल्या पाकळ्या. बारशाला त्या मिटल्या पाकळ्यांत लेकीचं मुख चंद्रकोरीसारखं उगवलं, आणि तिचं नाव ठेवलं ईरा.

बारशानंतरच्या पहिल्या गुरुवारी दवाखान्यात टेप तिथंच अडली. एकतीस पॉइंट चार. दुसऱ्या गुरुवारीही तेच. परतताना शर्वाणी रिक्षात टोपड्याच्या चुण्या मोजत राहिली. तिसऱ्या गुरुवारी डॉक्टरांनी टेप फिरवली, चष्मा सारखा केला, पुन्हा फिरवली. बत्तीस.

घरी येऊन तिनं कुणाला सांगितलं नाही. आधी टोपडं घेतलं, सुईच्या टोकानं टाका उचलला, दोरा कापला. चूण हळूच उलगडली. बाकीचा खण धुण्यानं फिकटलेला; घडीतून निघालं बोटभर गर्द, न विटलेलं डाळिंब. ईराच्या कपाळावर ते टेकलं, आणि तिच्या श्वासासरशी हललं. हळू, हळू, हळू.