चुकून आपल्यापर्यंत पोहोचला असल्यास

अक्षताने मोबाइल वकीलबाईंच्या टेबलावर आपटला.

"मोबाइल तुमचा, टेबल माझं," जया वकील म्हणाल्या. "काच नवी आहे."

सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत तीनच खुर्च्या होत्या. तिसऱ्या खुर्चीवर तिचे वडील, दशरथ, मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर धरून बसले होते. सरकारी कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी आवक-जावकच्या टेबलावर काढली होती. विश्रांतवाडीहून निघताना मेलची प्रिंट त्यांनीच काढायला लावली होती.

मेल अक्षताच्या मॅनेजरचा, साईनाथचा. कंपनीत अक्षता दोन. त्याला एचआरमधली हवी होती. नाव टाइप करताच यादीत आधी हिचं आलं.

जयाबाईंनी वाचायला सुरुवात केली.

टीम लीड म्हणून तिला नको. काम बरं करते, पण ही माणसं कोट्याशिवाय वर टिकत नाहीत. आपल्यातलं कोणी बघ.

त्याखाली, बारीक अक्षरांत:

हा संदेश गोपनीय असून केवळ ज्याला उद्देशून आहे त्याच्यासाठीच आहे. चुकून आपल्यापर्यंत पोहोचला असल्यास

"सकाळपासून त्याचे चार फोन," अक्षता म्हणाली. "पाचच्या आत डिलीट करून तसं लेखी कळव, नाहीतर लीगल नोटीस. म्हणे, खालची ओळ वाच. मला शिव्या घालायच्या आणि वर मलाच वाचू नको म्हणून सांगायचं!"

वाचू नये, नक्कल करू नये, अन्य कोणास दाखवू

"या ओळीला तुम्ही कधी हो म्हणालात?"

"नाही."

"सही?"

"नाही हो!"

"मग ती पाटी आहे. येथे वाहन लावल्यास हवा सोडली जाईल. या शहरात दर दारावर असते. दार त्यांचं, रस्ता नव्हे." जयाबाईंनी चष्मा वर सरकवला. "नेमणुकीच्या करारात गुप्ततेचं कलम असेल, ते मला दाखवा, त्याचं वेगळं बघू. पण नुसत्या या ओळीने तुमचे हात बांधले जात नाहीत. डिलीट मात्र करू नका. तुमच्याकडे पुरावा एवढाच आहे."

"आणि नोकरी?"

"जाईलही. खोटं कशाला सांगू?"

अक्षताने मोबाइल उचलला. चार चाळीस. उत्तराच्या चौकटीत तिने दुपारीच लिहून ठेवलं होतं: मेल डिलीट केला आहे. फक्त पाठवायचं राहिलं होतं.

त्वरित नष्ट करावा व तसे

"मॅडम," दशरथ पहिल्यांदाच बोलले, "लखोट्यावर शाईने लिहिलेलं असलं तर? गोपनीय म्हणून?"

"कुठल्या लखोट्यावर?"

"सत्त्याण्णव सालच्या. माझ्या टेबलावर आला होता. नीट चिकटला नव्हता. माझ्याच कामाचा वार्षिक अहवाल."

"मग?"

"वाचला." त्यांनी फोल्डरचं बटण उघडलं, परत लावलं. "हेच होतं त्यात. मराठी चांगलं होतं, एवढंच."

अक्षता त्यांच्याकडे वळली. "कधी बोलला नाहीत, पप्पा. काय केलंत तुम्ही?"

"खळ लावून परत चिकटवला. साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला."

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरचा हॉर्न दाबून धरला होता. तो थांबला. मग अक्षताने ते वाक्य एकेक अक्षर मागे घेत पुसलं. चौकट रिकामी झाली.

दशरथांनी फोल्डरमधून प्रिंट काढली.

कृपया छापण्यापूर्वी झाडांचा विचार करा

खिशातलं पेन काढून त्यांनी उजव्या कोपऱ्यात, एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर लिहीत आले तसंच, सावकाश लिहिलं: प्राप्त. खाली तारीख.

मग पेन मुलीपुढे धरलं.

"सही तू कर. तुझ्या नावावर आलंय."