चिंचेखाली थांबणारी गाडी

"बंदा! बंदा! मगा बंदा!"

शेषगिरीस्वामींनी आरोळी ठोकली आणि चिंचेखाली बसलेला सगळा जमाव उठून उभा राहिला. मगा म्हणजे मुलगा, बंदा म्हणजे आला. आलेला मुलगा कुणालाच दिसत नव्हता. दिसत होती ती एक पांढरी व्हॅन, बेट्टदपुराच्या अलीकडच्या चढावर रस्त्याच्या मधोमध एकाएकी गप्प झालेली. मागून आलेली बस कर्कश हॉर्न वाजवत आम्हाला जेमतेम चुकवून गेली, पण तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. मला मात्र होती, कारण त्या व्हॅनच्या मागच्या शीटवर मीच बसलो होतो.

शांताक्का स्टीलचा डबा सांभाळत खाली उतरल्या. डब्यात शेवयांचा पायसा, म्हणजे खीर होती. स्टँडवर मुलाला आणायला आलेल्या आईचा असतो, तसा त्यांचा चेहरा होता.

स्वामींनी ड्रायव्हरचं शीट उचललं. असल्या व्हॅनचं इंजिन पुढच्या शीटखालीच असतं. गरम वाफारा आला तसा स्वामींनी छातीवर हात मारला. "पाहा! माझ्या बाळाच्या उरात केवढी आग! आई, पाणी दे त्याला, पाणी!" म्हैसूरहून उन्हात दामटत आणलेलं इंजिन तापणार नाही तर काय, त्यातून आइस्क्रीम निघणार? पण हे बोलणार कुणापाशी! कळशीमागून कळशी रिकामी झाली. चुर्रर्र आवाज झाला की स्वामी म्हणत, "उसासा टाकला!" मग आरती, मग पायसाचा नैवेद्य, मग "मगा, पोटभर खा, आईशी बोल, आणि आता तिला जाऊ दे" अशी समजूत. अर्धा-पाऊण तास हे चाललं. शेवटी शांताक्कांचे यजमान नागोजीराव यांनी किल्ली फिरवली आणि गाडी मुकाट्याने सुरू झाली.

जमावाने लोटांगण घातलं. ज्यांच्या गाड्या ठणठणीत होत्या तेही शीट उचलून पाणी घालून घ्यायला रांगेत उभे राहिले.

मी हरिहर. तंत्रनिकेतनात पोरांना मोटारीचं इंजिन शिकवण्यात माझा जन्म गेला. निवृत्तीनंतर विभावरीकडे, म्हणजे माझ्या मुलीकडे, म्हैसूरला आलो. देवराज मोहल्ल्यात नागोजीरावांचं शिंप्याचं दुकान आहे. विजारीची उंची कमी करायला एकदा गेलो आणि मराठी बोलायला मिळतं म्हणून जातच राहिलो. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. घरात विठ्ठल आणि मराठी दोन्ही टिकून आहेत, फक्त मराठीत निम्मं कानडी शिरलंय आणि बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात.

मधू हा त्यांचा एकुलता एक. तो ही व्हॅन चालवायचा आणि शाळेचे गणवेश बेट्टदपुराच्या दुकानांत पोचवायचा. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर याच चढावर गाडी थांबली. तो एकटाच उतरून ती कडेला ढकलत होता, तेवढ्यात मागून लॉरी आली आणि मधू जागीच गेला. पेट्रोल संपलं असेल, असं लोक म्हणाले आणि विषय तिथेच मिटला. गाडीचा मागचा पत्रा ठोकून सरळ केला, रंग दिला आणि नागोजीराव ती चालवू लागले.

पुढे उन्हाळ्यात नवरा-बायको गणवेश घेऊन निघाले, तेव्हा गाडी त्याच चढावर बंद पडली. शांताक्कांनी हंबरडा फोडला. शेषगिरी तेव्हा चिंचेखाली लिंबू-मिरच्या विकत असे. त्याने कळशीभर पाणी आणलं, सगळं विचारून घेतलं, आईला भेटायला मधूच गाडी थांबवतो असं सांगितलं, आणि त्या दिवसापासून तो स्वामी झाला. गाडी कधी झाडाच्या थोडी आधी थांबे, कधी थोडी पुढे. आधी थांबली तर "आईला सामोरा आला", पुढे थांबली तर "आईला पोचवायला आला". आता यात खोटं पाडायला जागा कुठे?

इथवर ठीक होतं असं मी म्हणणार नाही, पण मी गप्प होतो. एका दुपारी दुकानात मधूची बायको जानकी माझ्यापाशी आली. सासूला, तिच्या भाषेत अत्तेंना, ऐकू जाऊ नये म्हणून तिने शिवणयंत्र चालूच ठेवलं होतं.

"सार, स्वामी म्हणालेत, येत्या अमावास्येला सहानाला घेऊन या. गाडी थांबली की तिला त्या शीटवर बसवायचं. अप्पा तिला मांडीवर घेणार म्हणे." सार म्हणजे मी, सहाना म्हणजे तिची सहा वर्षांची मुलगी आणि अप्पा म्हणजे त्या मुलीचा गेलेला बाप. "सार, ती गाडी रोडच्या मधी थांबते. मागून लॉऱ्या येतात. मी नको म्हटलं तर अत्ते जेवत नाहीत. तुम्ही इंजिन शिकवलंय ना? एकदा येऊन बघा हो."

म्हणून मी त्या दिवशी मागच्या शीटवर होतो. सगळे स्वामीकडे बघत होते आणि मी समोरच्या काट्याकडे, जो इंजिनाचे फेरे दाखवतो. गाडी बंद पडली तेव्हा तो काटा सुरा खुपसावा तसा एकदम खाली आला. नागोजीराव स्टार्टर मारत होते, इंजिन खर्र खर्र फिरत होतं, पण काटा शून्यावरून तसूभर हलत नव्हता. इंजिन फिरतंय आणि गाडीला ते कळतच नाहीये! हा रोग मी वर्गात किती वेळा फळ्यावर काढला असेल.

दुसऱ्या दिवशी नागोजीराव आणि मी व्हॅन घेऊन नजरबादला गगनच्या गॅरेजात गेलो.

गगन म्हणाला, "सार, ही गाडी माझ्याकडे येते तेव्हा थंड असते. एका सेल्फमध्ये स्टार्ट. मी काय रिपेरी करू?"

"आज तिला तापेपर्यंत सोडायचं नाही," मी म्हटलं.

भर उन्हात इंजिन चालू ठेवून आम्ही बसलो. बऱ्याच वेळाने ते गप्प झालं. गगनने स्कॅनर लावला आणि सेल्फ मारला. इंजिन फिरत होतं, स्कॅनर मात्र फेरे शून्य म्हणत होता. त्याने तारा तपासल्या, प्लग तपासला, सगळं धड होतं. राहिला तो क्रँकशाफ्टचा सेन्सर. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा फिरता कणा. तो कुठवर फिरला, हे अंगठ्याएवढा हा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सतत कळवत असतो. त्याने कळवणं थांबवलं की कॉम्प्युटर ठिणगीही बंद करतो आणि पेट्रोलही. याच्या आतली तार केसासारखी बारीक. ती तुटायला आली की तापल्यावर फाकते आणि निवल्यावर पुन्हा टेकते. गावातल्या गावात गाडी तेवढी तापत नाही. लांबचा पल्ला, ऊन आणि वर चढ असला की तापते. परतताना ऊन कललेलं आणि रस्ता उताराचा, म्हणून ती घरी नीट येते.

मी मगभर पाणी सेन्सरवर ओतलं आणि थोडं थांबलो. गाडी सुरू झाली. पाणी नळाचं होतं आणि मंत्र म्हणून गगनने फक्त एक शिवी दिली होती. मग त्याने एक बोल्ट सोडवला, जुना सेन्सर ओढून काढला आणि नवा बसवला. मागवलेला चहा गार व्हायच्या आत काम आटपलं.

नागोजीराव जुना सेन्सर हातात घेऊन बसले होते. "शांताला आता सांगू नका सार. अमावास्येला गाडी थांबली नाही की तिलाच कळेल."

मलाही ते पटलं आणि आम्ही जानकीलाही काही सांगितलं नाही. उभी हयात इंजिनं समजण्यात गेली, माणसं समजली असती तर पटलं नसतं.

अमावास्येला जमाव दुप्पट होता. सहाना आईच्या मांडीवर होती आणि जानकीने तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. चढ आला, चिंच आली. स्वामी हात वर करून ओरडले, "बंदा!" आणि गाडी एका लयीत चढ चढून पुढे निघून गेली.

"थांबा, थांबवा!" शांताक्का डॅशबोर्डवर हात आपटू लागल्या. "अय्यो, का थांबला नाही? मधू, मगा, मी आलोय रे! पायसा आणलोय!"

नागोजीरावांनी गाडी पुढे कडेला घेतली. त्यांचे डोळे भरले होते. स्वामी धोतर सावरत धापा टाकत आले. आपलं दैवत न थांबताच निघून गेल्यावर माणूस गडबडेल असं मला वाटलं होतं, पण ते क्षणभरही अडखळले नाहीत. "बायकोने पाय बांधले त्याचे," जानकीकडे बोट दाखवून ते म्हणाले. "पोरगी हातची सोडवेना, म्हणून काहीतरी करून आणलंय हिने."

शांताक्कांनी वळून सुनेकडे पाहिलं. ती नजर मला आयुष्यभर विसरता येणार नाही. घरी येईपर्यंत त्या एवढंच म्हणत राहिल्या, "एकदा मेला तो. आज तू परत मारलीस."

आता गप्प राहणं शक्यच नव्हतं. दुकानात आल्यावर मी इस्त्री तापवायला सांगितली, कापायच्या टेबलावर तार जुळलेली आहे का ते दाखवणारं मीटर ठेवलं आणि जुन्या सेन्सरला मीटरच्या तारा जोडल्या. मीटरवर आकडा आला.

"शांताक्का, गाडीत हा होता. मी आणि नागोजीरावांनी काढला. काढल्याचं जानकीला ठाऊक नव्हतं. हा आकडा आहे तोवर गाडी चालते. आता तुमच्याच हाताने हा इस्त्रीजवळ धरा."

त्यांनी धरला, सुनेकडे न बघता. थोड्या वेळाने आकडा नाहीसा झाला.

"आता ओल्या फडक्यात ठेवा."

कपड्यावर इस्त्री फिरवण्याआधी पसरतात ते ओलं फडकं त्यांनी सेन्सरभोवती गुंडाळलं. आकडा परत आला. मी आणखी सांगणार होतो, पण त्यांनी हाताने मला गप्प केलं. पुन्हा इस्त्री, पुन्हा फडकं. चार-पाच वेळा त्यांनी तेच केलं. इस्त्रीचं वागणं त्या लग्न होऊन आल्यापासून ओळखत होत्या. ती खोटं बोलणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"म्हणजे स्वामींचं पाणी…"

"या फडक्यासारखं, शांताक्का. मंत्र नसता तरी चाललं असतं. नुसतं थांबलं तरी चालतं."

"तिथं मधू नव्हता."

"नव्हता."

त्यांनी इस्त्री उभी केली. मला वाटलं, आता रडतील. त्या सेन्सर हातात घेऊन बघत राहिल्या आणि मग ज्या प्रश्नाची मला भीती वाटत होती, तोच त्यांनी विचारला.

"त्या दिवशी मधूची गाडी पण ह्यानंच थांबवली काय सार?"

नागोजीरावांनी मान खाली घातली. छातीठोकपणे कुणी सांगू शकत नव्हतं, पण त्यांच्या तोंडावर खोटं बोलणं मला जमलं नाही. "तसंच असणार," मी म्हणालो.

"त्या दिवसाच्या आधी पण दोनदा थांबली होती," त्या सावकाश म्हणाल्या. "मधू म्हणाला, अम्मा, गॅरेजला टाकतो. मी म्हणालो, सुम्ने, उगाच कशाला, दृष्ट लागलीय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेला हौसेनं सजवली होती, सगळ्यांनी बघितली. मीच मोठा कोहळा ओवाळून फोडलो. गाडी लगेच चालू झाली. मग तो गेलाच नाही गॅरेजला."

जानकी उठली आणि सासूच्या शेजारी जाऊन बसली. शांताक्कांनी तिचा हात धरला आणि मग मात्र त्या अशा रडल्या की शेजारचा सोनार दुकान सोडून दारात येऊन उभा राहिला. मी माणसाला उजेड दाखवतो अशा तोऱ्यात वावरणारा माणूस. त्या संध्याकाळी मला त्या उजेडाचा राग आला. पण सहाना टेबलाखाली चिंध्यांशी खेळत होती, धडधाकट होती, आणि तिच्याकडे बघून मला तो राग गिळावा लागला.

पुढच्या गुरुवारी शांताक्कांनी चिंचेपाशी न्यायला सांगितलं. नागोजीरावांनी गाडी आधीच कडेला घेतली. स्वामींपुढे एक जोडपं बसलं होतं आणि त्यांची जीप रस्त्यातच उभी होती. शांताक्का जमावातून वाट काढत त्या जीपपाशी गेल्या. "पहिली ही कडेला घ्या," त्या कानडीत म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळे वळले, कारण ज्या आईमुळे हे झाड जागृत झालं होतं तीच बोलत होती.

"पुत्रशोकाने डोकं फिरलंय बिचारीचं," स्वामी म्हणाले. काही जणांनी माना डोलावल्या. चारदोन माणसं पुढे झाली आणि त्यांनी जीप ढकलून कडेला लावली.

"डोकं फिरलं होतं, तेव्हा मी इथं येत होतो," शांताक्का म्हणाल्या. "इथं माझा मुलगा नाही. गाडी थांबली तर ती का थांबली, एवढं विचारा. देवाला विचारू नका, दृष्ट काढू नका, रिपेरी करणाऱ्याला विचारा. माझा मधू विचारायला निघाला होता. मी त्याला अडवलो."