जपून ठेवलेला सेल

मी एक जुना, पोकळ झालेला सेल आहे. खरे तर सेलाचे जस्ताचे डबडे. माझ्या पोटात नवसागराचा ओला मसाला आणि मधोमध कार्बनची काळी कांडी. ती मोठी शांत. रेडिओ सुरू झाला की इलेक्ट्रॉन मी सोडायचे, तारेतून ते तिच्याकडे जायचे. झिजायचे मात्र मी एकट्याने. मित्रांनो, स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही.

१९७४ च्या उन्हाळ्यात उमरेडच्या शालिकराम विणकरांच्या रेडिओत आम्ही चार सेल होतो. त्यांची लेक गोपिका नागपूरला शिकत होती. तिचे गाणे आकाशवाणीवर लागणार असा निरोप आला, आणि शालिकरामांनी रेडिओ फडक्यात गुंडाळून टिनाच्या छपराखालच्या पेटीवर ठेवला.

"गोपिकाच्या गान्यापर्यंत कोनी हात नाही लावाचा!"

त्यांना वाटले, मी विसावलो. कसला विसावा! बटण बंद असले तरी मसाला मला आतून कुरतडतच होता, आणि टिनाच्या तापाने त्याला जोर चढला. ओरडून सांगावेसे वाटे, पण मला आवाज कुठला?

गाणे लागणार होते त्या दुपारी शालिकरामांनी माग थांबवून बटण फिरवले. रेडिओ मुका!

"काहून बोलून नाही राहिला जी?" त्यांच्या बायकोने, रंभाबाईंनी, रेडिओला कान लावला.

"म्या त इतकं जपलं वं!"

"सेल उन्हात ठेवा जी, लवकर!"

अंगणातली फरशी तापली होती. माझ्यात थोडी धुगधुगी आली. पुन्हा बटण फिरले, खरखर झाली आणि गोपिकाचा आवाज आला. गाणे आईचेच, ती सूत भरताना गायची ते ऐकून शिकलेले. रंभाबाई तोंडाशी पदर धरून बसल्या. दुसऱ्या कडव्याला माझे बळ सरले. आवाज बारीक होत गेला आणि थांबला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात रंभाबाईंनी पुढची ओळ उचलली आणि गाणे शेवटपर्यंत म्हटले.

मित्रांनो, चांगल्या दिवसासाठी म्हणून आम्हाला कोंडून ठेवू नका. गार जागी ठेवा आणि वेळेत वापरा. झिजण्याचे मला दुःख नाही. बंद रेडिओत फुकट झिजलो, ते सलते.

सुट्टीत गोपिका घरी आली. रेडिओतून काढलेला मी खिडकीत पडलो होतो.

"माय, आयकलं का वं माहं गानं?"

"आयकलं," रंभाबाई म्हणाल्या. "पुरं आयकलं."