धोंडूची बाटली

आमच्या ह्यांना यकृताची सूज येऊन पाच वर्षं झाली होती, आणि पाचही वर्षं हे मला सांगत होते की सूज नाही, भात जास्त झालाय. हे मांडवीच्या एका मालकाच्या मासेमारीच्या मचव्याचे तांडेल, म्हणजे मचव्यावरचे म्होरके. तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, पण डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोट दाबलं की पोरासारखा कळवळायचा. आणि तिथून सुटला की थेट माडी ढोसायला दुकानात.

त्या वर्षी आषाढात मालकाने बजावलं, "तांडेल, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. नाहीतर यंदा नारळ दुसरा टाकील." नारळी पुनवेला ज्याच्या हातून नारळ समुद्राला पडतो, तोच त्या हंगामात मचवा नेतो. ह्यांची झोप उडाली. माझी आधीच उडालेली होती. मचव्यावर ह्यांचं पथ्य कोण सांभाळणार? मला नारळ नको होता, नवरा हवा होता.

तपासणी साधी. लघवी काचेच्या नळीत घ्यायची आणि वरून हळूच आयोडीन सोडायचं. मध्ये हिरवी कडी उठली की पित्त आहे. ह्यांची दर खेपेला उठायची.

तपासणीच्या सकाळी धोंडू आला. धोंडू ह्यांचा जिवलग नि माडीचा सोबती, पाय मोडल्यापासून घरी जाळी विणत बसलेला. छत्रीआड काहीतरी लपवून तो न्हाणीमागे गेला आणि रिकाम्या हाताने परतला. मी जाऊन बघते तर ह्यांनी माझ्यादेखत भरलेली बाटली वईच्या काटक्यांत खोचलेली, आणि फळीवर तिच्या जागी तश्शीच दुसरी, धोंडूची!

मला हसूही आलं आणि संतापही. धोंडूची बाटली मी माडाच्या मुळात ओतली आणि ह्यांची मुकाट्याने फळीवर ठेवून दिली.

तांडेलाने बाजारातून बाटली मिरवायची नसते, म्हणून ती माझ्या पिशवीत. हे पुढे काळा कोट घालून, शीळ घालत.

डॉक्टरांनी आयोडीन सोडलं. कडी उठली. हे खुर्चीतून ताडकन उभे राहिले.

"परत बघा. देवाला कौल लावतात तो पन तीनदा इचारतात!"

डॉक्टर बिचारे भले. त्यांनी तीनदा बघितलं, तीनदा हिरवी. म्हणाले, "चिठ्ठी नाही. आणि माडी सुटली नाही तर हा माणूस दोन वर्षं काढायचा नाही."

वाटेत हे मान खाली घालून चालत होते. मला वाटलं, नारळ गेल्याचं दुःख. पिंपळाखाली थांबले तेव्हा डोळे भरलेले.

"गो, आपला धोंड्या मरनार."

मी तोंडाला पदर लावला. ह्यांना वाटलं, मी रडतेय.

घरी न येता हे धोंडूकडे गेले. "मेल्या, बाटली तुजी नि कडी हिरवी!"

"मला तर कायच होत नाय," धोंडू म्हणाला.

"तसाच असतो हा आजार! ज्याला होतो त्याला कळत नाय." पाच वर्षं डॉक्टर जे सांगत होते, ते सगळं ह्यांना तोंडपाठ होतं. मग धोंडूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू एकट्यान् माडी सोडू नको. मी पन सोडतो. थेंब घेतला तर तुज्या डोक्याची शप्पत."

पाच वर्षं मी पाया पडत होते, तेव्हा सुटली नव्हती. खरं सांगते, त्या दिवशी मला धोंडूचा हेवा वाटला.

धोंडूच्या बायकोला, राहीला, मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गंगूबाय, तोंड उघडलास तर बघ!"

त्या पुनवेला नारळ दुसऱ्याने टाकला. हे धोंडूचा हात धरून किनाऱ्यावर उभे होते आणि माघारी येताना दोघं शहाळ्याचं पाणी प्याले. पुढे दर दोन महिन्यांनी 'धोंडूची प्रकृती बघायला' बाटली जायची, आणि दर दोन महिन्यांनी मी ती ओतून तिच्यात ह्यांच्या रात्रीच्या भांड्यातली भरायची. कडी फिकी होत गेली.

पुढच्या आषाढात ती उठलीच नाही. डॉक्टरांनी नळी दोनदा उजेडात धरली. "आजार गेलेला नाही, झोपलाय. पथ्य मोडलंत की उठेल. पण यंदा मचवा न्यायला हरकत नाही." त्यांनी चिठ्ठी लिहून पुढे केली.

ती चिठ्ठी ह्यांनी घेतलीच नाही. छत्री तिथेच टाकून भर पावसात धावत सुटले. मी दोन्ही उचलल्या आणि मागून गेले.

पोचले तेव्हा हे धोंडूच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होते. "वाचलास रे मेल्या, वाचलास!" धोंडूही रडत होता.

माझ्या कंबरेला चिठ्ठी खोचलेली. वाचलेला माणूस समोर होता. त्याला मनसोक्त रडू दिलं, आणि मी दारातच उभी राहिले.