गाळलेली आत्या

नणंदेने खोक्यातून ती पाटी काढून वडिलांच्या हातात ठेवली, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद सुनेला झाला. चेहऱ्यावर तिने तो दिसू दिला नाही, ही गोष्ट वेगळी. पाटी म्हणजे ई-रीडर, पण सासऱ्यांनी ती हातात घेताक्षणी तिचं बारसं करून टाकलं होतं. तळहाताहून जरा मोठी आणि इतकी हलकी, की आत काही आहे की नुसतीच खोळ आहे अशी शंका यावी. नणंद कौतुकाने एकेक गुण सांगत होती. एवढ्याशा पाटीत हजारो पुस्तकं मावतात. पडदा मोबाइलसारखा डोळ्यांवर येत नाही, कागदासारखा शांत असतो, उन्हात धरला तरी अक्षर पुसट होत नाही. एकदा चार्ज केली की कित्येक दिवस बघायला नको. जिथे थांबलात ती जागा तीच लक्षात ठेवते, पान दुमडायला नको. अक्षरं हवी तेवढी मोठी होतात. आणि मुख्य म्हणजे बाबा, हे दाबलं की पुस्तक मोठ्याने वाचूनही दाखवते.

ते शेवटचं ऐकून सुनेचा जीव भांड्यात पडला. लगोलग तिला त्याची लाजही वाटली. आंधळ्या माणसाला वाचून दाखवायचं काम टळलं म्हणून हायसं वाटावं, यात मिरवण्यासारखं काही नव्हतं.

सासरे घड्याळजी. उभा जन्म एका डोळ्याला भिंग लावून इवल्याइवल्या चाकांशी खेळण्यात गेला आणि मग नेमके डोळेच गेले. मधलं सगळं धुरकट झालं, कडेकडेचं तेवढं थोडं दिसायचं. नवरा कामानिमित्त सदा फिरतीवर, त्यामुळे वाचून दाखवायचं सुनेकडे आलं. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून, डॉक्टरांचं अक्षर लावून, गिऱ्हाइकांशी बोलून घसा कोरडा पडलेला असायचा. घरी येऊन चहा पोटात जातो न जातो, तोच सासरे खुर्ची सरसावून तयार. अशी किती वर्षं गेली, किती पुस्तकं झाली, याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. सासऱ्यांना मात्र सुनेचा कोण अभिमान. माझ्या सुनेने आजवर एक अक्षर गाळलं नाही, असं ते शेजाऱ्यांना सांगत, डॉक्टरांना सांगत, चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसालासुद्धा सांगत.

ते ऐकलं की सून तिथून उठून जायची. कारण तिने अक्षरं सोडा, माणसंच्या माणसं गाळली होती.

सुरुवात झाली ती एका जाडजूड कादंबरीपासून. होड्या बांधणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट. त्यात होडीवाल्याची विधवा बहीण होती, मुलांची आत्या. ती खिडकीत बसायची आणि आठवत राहायची. बस्स, आठवत राहायची, पानंच्या पानं. एका संध्याकाळी सुनेचं डोकं ठणकत होतं, स्वयंपाक व्हायचा होता, आणि आत्या काही आवरायला तयार नव्हती. सुनेने दोन पानं एकदम उलटली. सासऱ्यांच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी आत्या पुन्हा आली तेव्हा तिने प्रकरणच ओलांडलं. एकदा सवय लागली आणि आत्याला घराबाहेर काढावंच लागलं. पुढे धाकटा पोरगा पाण्यात बुडत असताना त्याला आत्याच वाचवते, तेव्हा मात्र पंचाईत झाली. सुनेने वाचता वाचता पुस्तकात नसलेला एक शेजारी उभा केला आणि तो मान त्याला देऊन टाकला. सासऱ्यांना तो शेजारी इतका आवडला, की त्यांनी ते पुस्तक तिच्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मग पुढच्या पुस्तकांत तिला लाजही वाटेनाशी झाली. लांबड लागली की उलट पान.

पाटी आली आणि सासऱ्यांनी पहिलं पुस्तक मागितलं ते हेच.

पाटीतली बाई संथ, सपाट आवाजात वाचायची. बाई हुशार आहे पण जेवलेली दिसत नाही, असं सासरे म्हणाले. दोन दिवस ते खूष होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटी थांबवली आणि सुनेला हाक मारली.

"अगं, ही आत्या कोण?"

सून कांदा चिरत होती. सुरी तशीच राहिली. "कुठली आत्या?"

"होडीवाल्याची बहीण म्हणे. खिडकीत बसलेली असते. आपल्या पुस्तकात अशी कुणी नव्हती ना?"

खरं सांगायला यापेक्षा बरी वेळ आली नसती. माफी मागितली असती, सासरे जरा रुसले असते, मिटलं असतं.

"नव्हती," सून म्हणाली.

इतकं सहज तोंडातून गेलं, की तिची तिलाच शिसारी आली. पण शब्द गेला तो गेला. सासऱ्यांनी मान डोलावली. त्यांच्या दृष्टीने निकाल लागला होता. यंत्र बिघडलं होतं.

मग त्यांनी ते प्रकरण धसास लावायचं ठरवलं. लेकीला फोन केला. यंत्र मनाचं काही घालत नाही हो बाबा, असं ती हसत हसत म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला चांगलंच सुनावलं. घड्याळ बिघडलं तरी ते कधी म्हणतं का, की मी चुकतोय? चुकीची वेळसुद्धा छातीठोकपणेच दाखवतं. यंत्रांचं मला सांगू नकोस. मग त्यांनी अक्षरं मोठी करायला लावली, आणखी मोठी, एका पडद्यावर दोन-तीनच शब्द मावतील इतकी, आणि पाटी डोळ्याच्या कडेला नेऊन एकेक अक्षर लावत वाचलं. आ, त्या. खरंच छापलेली होती. कित्येक वर्षांनी स्वतःच्या डोळ्यांनी शब्द वाचला म्हणून दुसरा कुणी हरखला असता. हे म्हणाले, "बघ, भेसळ. पुस्तकातसुद्धा भेसळ करायला लागले."

सुनेने पाटी घेऊन अक्षरं पुन्हा लहान करून दिली.

तिच्या सुट्टीच्या दिवशी सासरे इस्त्रीचे कपडे घालून तयार झाले. पाटी दुकानात परत करायची होती आणि साक्षीला सून हवी होती. अंग दुखतंय, गर्दी असेल, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं तिने सांगून पाहिलं. ते ऐकेनात.

दुकानात काउंटरवर एक बाई होती. मागे दोन-तीन गिऱ्हाइकं खोळंबलेली. सासऱ्यांनी तक्रार मुद्देसूद मांडली. बाईंना आधी वाटलं आवाज येत नसेल. मग वाटलं चार्जर गेला असेल. खरी तक्रार कळल्यावर त्यांनी ओठ दाबले आणि फार सभ्यपणे सांगितलं, की पुस्तकात असतं तेवढंच यात येतं. मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी ती कादंबरी वाचलेली निघाली. आत्या आहे की, ते म्हणाले, तीच तर पोराला पाण्यातून ओढून काढते. सासऱ्यांनी त्यांना ठणकावलं, की पोराला शेजाऱ्याने काढलं, आणि एकदा नाही, दोनदा ऐकलंय मी. कुणीतरी हसलं.

बाईंनी सासऱ्यांच्या डोक्यावरून सुनेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "होतं असं या वयात. आमच्याकडेही होतं. वाद घालू नये, हो म्हणावं."

डोळे गेलेल्या माणसाचे कान तिखट असतात. सासऱ्यांचा चेहरा उतरला. आतापर्यंत जो हात काउंटर ठोकत होता तो खाली आला. "माझे डोळे गेलेत," ते म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे." आणि मग, पहिल्यांदाच जरा चाचरत, "हिला विचारा ना. हिने वाचलंय. सांग गं यांना."

सगळे सुनेकडे बघायला लागले. तिने नुसतं कसनुसं हसून मान हलवली असती, तर सगळं तिथेच संपलं असतं. बाईंनी समजून घेतलं असतं. सासऱ्यांनी घरी जाऊन स्वतःच्या डोक्यावर संशय घेतला असता, आणि हळूहळू तो खराही मानला असता. एक क्षण तिच्या मनात ते आलं. आलं याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

"बाबा, आत्या आहे पुस्तकात," ती म्हणाली. "तुम्हाला वाचून नाही दाखवली. मी पानं गाळली. तो शेजारीही मीच घातला." आणि बाईंकडे वळून, "यांचं काही चुकत नाहीये."

कुणी हसलं नाही. बाईंनी पाटी खोक्यात घालून परत दिली. मागचे गृहस्थ मोबाइलच्या खोळी निरखून बघू लागले. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर रस्ता ओलांडायचा होता. सासरे कडेला उभे राहिले, एकटे, हात मागे बांधून. गाड्या जात होत्या. शेवटी त्यांना तिच्या दंडाला धरावंच लागलं. ज्याच्यावर चिडलोय त्याचाच हात धरून घरी जायचं, ही वेळ आपण त्यांच्यावर आणली, हे तिला पावलापावलाला कळत होतं. धरलेला हातही नेहमीसारखा नव्हता. दोन बोटांनी बाही धरावी तसा होता.

घरी येऊन ते खुर्चीत बसले. सुनेने पाणी दिलं, ते प्यायले. तिने माफी मागितली. दमायचे हो मी, असंही म्हणाली, पण तिचं तिलाच ते सबबीसारखं वाटलं. सासरे ऐकत होते. रागावले असते, चार शब्द बोलले असते, तर तिला बरं वाटलं असतं.

"बाकीच्या पुस्तकांत," पाण्याचं भांडं बाजूला ठेवत त्यांनी विचारलं, "आणखी कोणकोण होतं?"

आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं. एवढी वर्षं आपल्या शेजारून कोण कोण निघून गेलं आणि आपल्याला कळलंच नाही, ते विचारत होते. सून आठवू लागली. ते समुद्राकाठच्या शाळेचं पुस्तक, दोन भावांच्या भांडणाचं, ते लांबलचक प्रवासाचं. पुस्तकं आठवत होती. पण आत्याची गोष्ट वेगळी होती, तिला वगळायचं म्हणून तरी सुनेने तिला वाचलं होतं. बाकीची पानं तिने न बघताच उलटली होती, चिमटीत जितकी येतील तितकी.

"मला नाही माहीत, बाबा," ती म्हणाली.